नवेगावचा बांध

दिवाळीच्या सुटीत पुण्या-मुंबईचा माणूस कोठे जाणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. महाबळेश्वर, माथेरान, कोकणचा किनारा, आणि मुलांना इतिहासाची गोडी लावायची असेल तर वेरूळ-अजिंठा. पूर्वेकडे निघालाच, तर त्याची मजल नागपूरच्या संत्र्यांपाशी संपते. नागपूरच्या पुढे आणखी दीडशे-दोनशे किलोमीटर महाराष्ट्र शिल्लक आहे, हे आपण शाळेत नकाशा भरताना शिकलेलो असतो. पण नकाशातला तो कोपरा बहुधा रंगाची कांडी संपत आल्यावर घाईने भरलेला असतो, आणि पुढे आयुष्यभर तो तसाच फिकट राहतो.

त्या फिकट कोपऱ्यात भाताची खाचरे आहेत, सागाची आणि बांबूची राने आहेत आणि तळी आहेत. एकेका गावाला दोन-दोन, चार-चार. भंडारा जिल्ह्याला तळ्यांचा जिल्हा म्हणण्याची जुनी रीत आहे. १९९९ साली या जिल्ह्याचे दोन भाग होऊन गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा भावाभावांत शेते वाटली जावीत तशी तळीही वाटली गेली. गोंदियाच्या वाट्याला जी आली, त्यांतले सर्वांत नामांकित तळे नवेगावचे.

नवेगाव या नावाची गावे महाराष्ट्रात पैशाला पासरी मिळतील. म्हणून या गावाचे नाव कोणी नुसते 'नवेगाव' असे घेत नाही. 'नवेगावबांध' असेच म्हणतात. जवळपास आणखी एक शिवनीबांध आहे, एक सिरेगावबांध आहे. आपल्याकडे गावाच्या नावापुढे 'बुद्रुक' आणि 'खुर्द' लागते. त्यावरून गाव थोरले की धाकटे एवढेच कळते. इकडे नावापुढे 'बांध' लागला की त्या गावाने काय केले ते कळते. पदवी मिरवायचीच, तर ती अशी कष्टाची असावी.

माझा एक विद्यार्थी त्या बाजूच्या एका शाळेत मराठी शिकवतो. गेली तीन वर्षे दर दिवाळीला त्याचे पत्र येई : 'सर, या वर्षी तरी मंडईला या.' पुण्यात राहणाऱ्या माणसाला मंडई म्हटले की मेथीची जुडी आणि वजनात मारलेली काटछाट आठवते. त्यासाठी साडेआठशे किलोमीटर कशाला जायचे, असा प्रश्न आमच्या घरी निघालाच. पण भंडारा-गोंदियाकडची मंडई निराळी. भाऊबीज झाली की गावोगाव ती भरू लागते. आज या गावाची, उद्या त्या गावाची. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, दिवसा दंडार नाचते, रात्री नाटक होते, आणि मधल्या वेळात दोन-चार सोयरिकी जुळून जातात. शेवटी गेल्या वर्षी मी सहकुटुंब निघालो.

नागपूरहून भंडारा आणि साकोली मागे टाकून कोहमाऱ्याला यायचे आणि तेथून दक्षिणेला वळायचे. रेल्वेने यायचे तर गोंदियाहून चांद्याकडे जाणारी गाडी धरून देवलगावला उतरायचे. एके काळी या मार्गावर अरुंद रुळांची चिमुकली गाडी धावत असे. आता रूळ रुंद झाले आहेत. आम्ही मोटारीने गेलो. कोहमारा सुटला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिकत आलेले भात दिसू लागले. मधून मधून एखादे पाण्याचे डबके, त्यात उभा एखादा बगळा. मोठ्या तळ्याची चाहूल मात्र कोठेच लागत नव्हती. मुलाने तीनदा विचारले, 'कुठे आहे तळं?' आणि चौथ्यांदा विचारण्याच्या आतच डोंगराआडून ते समोर आले.

वर्णनाच्या फंदात मी फारसा पडत नाही. एवढेच सांगतो, की तळे म्हटल्यावर डोळ्यांसमोर जो आकार येतो, त्यात हे बसत नाही. जुन्या गॅझेटियरात त्याचे क्षेत्र ५ चौरस मैल आणि घेर १७ मैल दिला आहे. सगळीकडून डोंगर, डोंगरांवर रान, आणि डोंगराच्या सोंडा पाण्यात उतरलेल्या. त्यामुळे कोठल्याही एका जागी उभे राहून सगळे तळे दिसत नाही. एक वळण संपले म्हणजे दुसरे उघडते. सकाळी पाण्यावर धुके असते आणि त्या धुक्यात पाणकावळे लाकडाच्या खुंटांसारखे दिसतात. निसर्गानेच हा देखावा मांडून ठेवला असावा, असे पाहणाऱ्याला वाटते. तसे नाही. पाणी निसर्गाचे आणि डोंगर निसर्गाचे. तळे मात्र माणसांनी केलेले आहे. डोंगरांमधल्या ज्या वाटेने पाणी निघून जात होते, ती वाट माती-दगडांच्या बांधाने बुजवली आणि पाणी अडून राहिले. सुमारे तीनशे वर्षांपूर्वीचे हे काम आहे.

हे काम अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने केले, असे परंपरा सांगते. कोहळी ही वैनगंगेच्या खोऱ्यातली शेतकरी जात. भात, ऊस आणि तळी या तीन गोष्टींत तिचा हातखंडा. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेला गेला होता. तेथे पाणी अडवण्याच्या विद्येत वाकबगार अशी ही माणसे त्याने पाहिली आणि परतताना त्यांना आपल्याबरोबर आणले, अशी त्यांच्या मूळची कथा आहे. कथेतली काशी खरी की खोटी, यावर पंडितांनी वाद घालावा. पण जमिनीचा उतार नुसत्या डोळ्यांनी पारखून बांध कोठे घालावा ते ठरवण्याचे कोहळ्यांचे कसब इंग्रज अधिकाऱ्यांनीही मान्य केले होते. दुर्बिणी आणि मोजपट्ट्या नसताना त्यांनी निवडलेल्या जागा आजही पाणी धरून आहेत. त्या कसबाला याहून मोठा दाखला नको.

ज्या मुलखात पाऊस एवढा, तेथे तळी बांधायची गरज काय, असा प्रश्न मला पडला होता. माझ्या विद्यार्थ्याच्या सासऱ्यांनी तो एका वाक्यात सोडवला. ते म्हणाले, "पाऊस येते भरपूर, पन धान निसवाच्या टायमाले जाते." भाताला फुलोरा येण्याच्या आणि दाणा भरण्याच्या दिवसांत, म्हणजे हस्ताच्या आसपास, पावसाने पाठ फिरवली की तीन महिन्यांची मेहनत पाण्यात जाते, किंवा खरे म्हणजे, पाणी नसल्यामुळे जाते. त्या वेळी तळ्यातले एक-दोन पाणी मिळाले की पीक घरात येते. वर्षभर पाणी मागणारा ऊसही या तळ्यांच्या जिवावरच होत असे. आता उसाचे ते वैभव उरलेले नाही. पण भाताचा जीव अजून तळ्यातच आहे.

तळ्याच्या बांधाला इकडे 'पार' म्हणतात आणि पाणी सोडण्याच्या मोरीला 'तुडुम'. तळे भरून वाहू लागले की जास्तीचे पाणी सांडव्यावरून निघते आणि खालच्या गावाच्या तळ्यात जाते. त्याचे सांडलेले पाणी त्याच्याही खालच्या. लहान तळ्याला 'बोडी' म्हणतात. अशी वरपासून खालपर्यंत तळ्यांची आणि बोड्यांची माळच्या माळ असते. वरच्याने सांडव्याची उंची वाढवली तर खालचा उपाशी राहतो, आणि वरच्याची पार फुटली तर खालचा बुडतो. म्हणजे बांध मातीचा असला, तरी तो टिकतो माणसांनी एकमेकांना दिलेल्या शब्दावर.

आता कोलू पाटलाची कथा. तळ्याभोवती जी शिखरे आहेत, त्यांना 'सात बहिणी' म्हणतात. या सात देवता. कोलू पाटील दिवसा मजुरांकडून बांध घालून घेई. संध्याकाळी मजूर घरी गेले की या सात बहिणी येत आणि रात्रभर काम करीत. असे करता करता तळे पुरे झाले. पुढे लोकांनी कोलूलाही देव केले. 'कोलासूर' या नावाने त्याचे ठाणे तेथे आहे आणि लोक नवस फेडायला येतात. सरदारांचे आणि राजांचे पुतळे होतात. पण पाणी अडवले म्हणून एका पाटलाचा देव झाल्याची उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत.

ही कथा जेवताना निघाली होती. पानात भात, लाखोरीच्या डाळीचे वडे आणि जवसाची चटणी होती. मी प्राध्यापकी थाटात म्हणालो, की अशा कथांमध्ये रात्रीचे दैवी साहाय्य हा ठरलेला कल्पनाबंध असतो. विश्वकर्म्याने एका रात्रीत उभारलेली देवळे महाराष्ट्रात गावोगाव आहेत. विद्यार्थ्याची पत्नी वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "सर, यात देवाचं काय नवल? दिवसाचं काम संपलं की रातची पाळी बायांचीच असते." आमच्या घरच्या मंडळींनी ज्या तत्परतेने मान डोलावली, तीवरून माझ्या कल्पनाबंधाचे काय झाले ते वाचकांनी ओळखावे.

पण तेव्हापासून मला ती कथा निराळी दिसू लागली आहे. कोलूचे नाव राहिले आणि सात बहिणींचे राहिले. दिवसा टोपल्या वाहणारी माणसे मात्र कथेत आली आणि संध्याकाळी घरी निघून गेली. त्यांच्या नावाचे एकही शिखर नाही. एवढी पार घालायची म्हणजे शेकडो हातांनी किती उन्हाळे माती वाहिली असेल! त्यांत गोंड असतील, ढिवर असतील, भूमिहीन मजूर असतील, आणि त्यांच्या बायका तर असणारच. रात्री येणाऱ्या त्या सात जणी म्हणजे गावाने त्या सगळ्यांची ठेवलेली एक ओझरती आठवण असेल, असे मानायला मला आवडते. संशोधनात याला पुरावा म्हणत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

गोंड राजांच्या काळी, जो तळे बांधील त्याला त्या तळ्याखालची जमीन सवलतीने किंवा माफीने मिळे, असे सांगतात. तळे बांधणे हे पुण्यही होते आणि फायद्याचेही. गोंडांनंतर नागपूरकर भोसले आले. १८५३ साली ते राज्य संपले आणि मुलूख इंग्रजांकडे गेला. इंग्रजांनी १८६०च्या दशकात जमाबंदी केली, तेव्हा गावचा सारा गोळा करणाऱ्या पाटलांना आणि सावकारांना गावाचे मालक ठरवले. हेच मालगुजार. गावाबरोबर तळेही त्यांच्या नावावर चढले. आजही ही तळी 'माजी मालगुजारी तलाव' म्हणून ओळखली जातात आणि सरकारी लघुरूपात त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक मामा आहेत. मामाच्या गावाला जाऊ या म्हणणाऱ्या मुलांना एवढे मामा एकदम कोठे भेटणार!

मालगुजार म्हणजे देवमाणूस, असे चित्र रंगवण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात तळे आटले की गाळ काढायचा, पारीला माती घालायची, तुडुम दुरुस्त करायचे, ही कामे गावाकडून होत. कधी राजीखुशीने, कधी वेठीने. ज्याच्या पाठीवर वेठीची टोपली होती, त्याच्या नातवाने मालगुजारीची हळहळ बाळगावी, असे म्हणणारा मनुष्य शहाणा नव्हे. पण एक गोष्ट होती. तळे भरले नाही तर मालगुजाराचेही भात वाळत असे. त्यामुळे उन्हाळा आला की कोणीतरी पारीवरून फेरी मारी. कोठे उंदरांनी बिळे केली, कोठे माती खचली, ते पाही.

१९५०च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली आणि ३१ मार्च १९५१ रोजी गावे, राने आणि तळी सरकारजमा झाली. हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. मालक गेला, ते योग्यच झाले. पण मालकाबरोबर पारीवरची ती फेरीही गेली. मोठी तळी पाटबंधारे खात्याकडे आली, १०० हेक्टरांपर्यंतची जिल्हा परिषदेकडे. पाणीपट्टीचे वाद निघाले. फाईल एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाईपर्यंत दोन पावसाळे जात, आणि दर पावसाळ्यात डोंगरावरून येणारी माती मात्र कोणाच्या मंजुरीची वाट न पाहता तळ्यात येऊन बसे. आटलेल्या कडेच्या जमिनीत कोणी धान पेरले. उरलेल्या कडांवर बेशरम नावाचे झुडूप माजले. नावाप्रमाणेच ते कोठेही वाढते, कितीही कापले तरी पुन्हा येते, आणि जनावर त्याला तोंड लावीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याच्या काठी एक म्हातारे ढिवर जाळे विणत बसले होते. ढिवर हे येथले मासेमारी करणारे लोक. कमळाचे कांदे, शिंगाडे, पाण्यात आपोआप उगवणारे देवधान आणि मासे यांच्यावर त्यांच्या पिढ्या जगल्या. मालगुजारी गेल्यावर त्यांच्या सहकारी सोसायट्या झाल्या. तळी ठेक्याने मिळू लागली आणि रोहू, कतला, मृगळ यांचे बीज सोडण्याची पद्धत आली. मी त्यांच्याजवळ बसलो आणि शहरी माणसाला सुचतो तो प्रश्न विचारला, "बाबा, हा तलाव कोणाचा?"

त्यांनी जाळ्यावरची नजर काढली नाही. म्हणाले, "कागदावर सरकारचा. पानी वावरवाल्याचं. मच्छी सोसायटीची. पाखरं जंगलवाल्याइची. गार मातर कोनाचाच नाई, गुरुजी."

'गार' म्हणजे काय, ते मला चटकन कळले नाही. पाणी गार आहे असे काही ते सांगत असावेत, असे वाटले. माझ्या विद्यार्थ्याने उलगडा केला. झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो. डोळ्याचा 'डोरा', गाळाचा 'गार'. पाणी, मासे, पाखरे या सगळ्यांना धनी होते. गाळ तेवढा पोरका. तळ्यांच्या दुर्दशेवर मी त्यानंतर पुष्कळ वाचले. पण त्या म्हाताऱ्याने एका ओळीत सांगितले, त्याहून अधिक कोणी सांगितल्याचे मला आढळले नाही.

पाखरांचा उल्लेख निघाला आहे, तर मारुती चितमपल्लींचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १९३२ साली सोलापुरात जन्मलेले चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांधला कित्येक वर्षे होते. 'नवेगावबांधचे दिवस' हे त्यांच्या पुस्तकाचे नावच आहे. पुढे ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. मराठीच्या प्राध्यापकाला त्यांचे अप्रूप वाटते ते आणखी एका कारणाने. पाखरांची, झाडांची, पाणवनस्पतींची नावे त्यांनी येथल्या गोंडांकडून, ढिवरांकडून, शिकाऱ्यांकडून गोळा केली आणि ती मराठीला दिली. आम्ही वर्गात भाषेच्या समृद्धीवर तासभर बोलतो. ती समृद्धी एखाद्या डोंग्यात जाळे टाकून बसलेली असते, याचा आम्हाला पत्ता नसतो.

हिवाळ्यात या तळ्यावर उत्तरेकडून बदके आणि पट्टकदंब हंस येतात. सारस पक्षी हे या भागाचे खरे वैभव. पण आता ते फार थोडे उरले आहेत. महाराष्ट्रात सारस दिसायचा तो गोंदिया आणि आसपासच्या जिल्ह्यांतच, आणि सगळे मिळून पन्नासही भरत नाहीत. माणसाएवढा उंच पक्षी, जन्माची जोडी बांधणारा, घरटे करतो ते तळ्याच्या उथळ कडेला नाही तर थेट भाताच्या बांधीत. म्हणजे तळे आणि भातशेती ही दोन्ही टिकली, तरच तो टिकणार. आम्हाला तळ्यावर सारस दिसला नाही. मुलगा हिरमुसला. त्याला मी समजूत घातली, की जो सहज दिसत नाही त्याच्यासाठीच पुन्हा यायचे असते.

१९७५ साली येथल्या सुमारे १३३ चौरस किलोमीटर रानाचे राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. वाघाला निवारा मिळाला, याचा आनंद कोणाला होणार नाही? पण राष्ट्रीय उद्यान झाले की त्या रानातली लाकूडफाट्याची, चराईची, मोहफुलांची वाट बंद होते. येथे मला एक शब्द भेटला आणि तो मी बरोबर घेऊन आलो आहे. तो शब्द म्हणजे 'निस्तार'.

गावाला सरपण, गुरांना चारा, घराला बांबू, शेताला पाणी, अशा रोजच्या गरजा भागवण्याच्या हक्काला या मुलखात निस्तार म्हणतात. कोणत्या गावाचा निस्तार कोठे, याची नोंद असलेल्या कागदाला निस्तारपत्रक. हा शब्द एवढा पक्का, की २००६ साली देशाच्या संसदेने वनहक्कांचा कायदा केला, त्याच्या इंग्रजी मसुद्यातही तो भाषांतर न करता तसाच घातला आहे. संस्कृतात निस्तार म्हणजे तरून जाणे, पार पडणे. आपल्या मराठीत त्याच घराण्यातला 'निस्तरणे' हा शब्द आहे. पण आपण तो कोठे वापरतो? मुलाने दूध सांडले, नवऱ्याने बिलांचा घोळ घातला, की आई म्हणते, 'आता हे कोण निस्तरणार?' एका टोकाला हक्क आणि दुसऱ्या टोकाला जबाबदारी, आणि दोन्हीकडे शब्द एकच. तळ्याचे अवघे दुखणे मला या शब्दाच्या दोन टोकांमध्ये दिसले. हक्काचे पाणी, हक्काचे मासे, हक्काचे रान, यांसाठी भांडणारे पुष्कळ. गाळ निस्तरायचा कोणी, हा प्रश्न १९५१ पासून तसाच लोंबकळत होता.

होता, असे म्हणतो, कारण तो आता सुटूच शकत नाही अशी स्थिती नाही. अर्जुनीच्या आसपासच्या काही तळ्यांत ढिवर मंडळींनी आणि विशेषतः त्यांच्या बायकांनी एक काम हाती घेतले. उन्हाळ्यात तळे आटले की बेशरम मुळासकट उपटायचे, तळ नांगरायचा, आणि पावसाच्या तोंडावर जुन्या पाणवनस्पती हाताने पुन्हा लावायच्या. कोठली वनस्पती कोठल्या माशाला लागते, हे त्यांना म्हाताऱ्यांकडून ठाऊक होते; लिहून कोठेच ठेवलेले नव्हते. वनस्पती परतल्या, तसे गावठी मासे परतले, मागोमाग पाखरे आली. सरकारनेही २०१७ पासून गाळ काढून शेतात टाकण्याची योजना चालवली आहे. तो गाळ शेताला सोन्यासारखा लागतो. पण योजना येतात आणि जातात. चिखलात उभी राहून हाताने रोप लावणारी बाई मात्र पुढच्या उन्हाळ्यातही तेथेच असते. सात बहिणींची पाळी अजून संपलेली नाही, एवढेच.

रात्री मंडईचे नाटक पाहिले. झाडीपट्टीची रंगभूमी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. वडशाला नाटक मंडळ्यांची बिऱ्हाडे, दिवाळीनंतर सुरू होणारा हंगाम, आणि उजाडेपर्यंत चालणारा प्रयोग! आम्ही घोंगडी पांघरून हजारोंच्या गर्दीत जमिनीवर बसलो होतो. पुण्यात दोन अंकांच्या मधे घड्याळ पाहणारी आमची मंडळी पहाटे तीनला डोळे पुसत होती. पुढच्या रांगेत एक आजी नायकाला मोठ्याने सल्ला देत होत्या, आणि नायक तो मनावर घेतो आहे असे मला दोन-तीनदा वाटले. जेथे प्रेक्षक असा आपलेपणाने मधे बोलतो, तेथे नाटक मरायचे नाही. तळ्याचेही तसेच असावे. काठावरच्या माणसाला मधे बोलण्याचा अधिकार वाटला पाहिजे.

नवेगावबांधला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन शब्द. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने उत्तम; थंडी पुष्कळ असते, गरम कपडे न्यावेत. मुले असतील तर दुर्बीण न्यावी आणि मोबाईल पेटीत ठेवावा. एक दिवस राखून ठेवून गोठणगावला जावे. तेथे गाढवी नदीवर १९७० साली पुरे झालेले इटियाडोहचे धरण आहे आणि जवळच १९७२ साली वसलेली तिबेटी लोकांची वसाहत आहे. हिमालय ओलांडून आलेली ती माणसे आता झाडीच्या मुलखात भात पिकवतात. कोहळ्यांनाही एके काळी कोणी दुरून आणले, असे सांगतात. बाहेरून आलेला माणूस या मातीत रुजतो तो पाण्याजवळच.

आणि पारीवर अवश्य चालावे. आम्ही निघायच्या दिवशी सकाळी चाललो. पायाखाली तीनशे वर्षांची माती होती, एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला पिवळे पडलेले भात. मध्येच माझा विद्यार्थी वाकला, पारीच्या उतारावर उगवलेले बेशरमचे एक कोवळे रोप त्याने उपटले, मुळाची माती झटकली आणि बोलता बोलता ते लांब फेकून दिले. बोलणे मंडईतल्या नाटकाविषयी चालले होते, ते थांबले नाही. थोडे पुढे गेल्यावर आमच्या मुलालाही एक रोप दिसले.